निळ्या गाडीची जागा

६ मे

राली,

जिना धुऊन झाला होता, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालून झालं होतं, आणि मी मिरच्यांचं पोतं एकेक पायरी करत खाली उतरवत होते. तुझे बाबा गाडीत बसले होते. गाडी कुठे जायची नव्हती, तिच्यात पेट्रोलही नव्हतं. काच खाली, दार अर्धं उघडं, एक पाय फुटपाथवर, टोपी मागे सरकवलेली. मी भाजायचं भांडं खिडकीतून सोडलेल्या वायरला जोडलं, त्यात मोठ्या, गोड्या लाल मिरच्या उभ्या सोडल्या, आणि भाजून झालेल्या ताटात घालून त्यांच्या गुडघ्यांवर ठेवल्या. ते सोलायला लागले. येणारा जाणारा थांबायचा. एक मिरची तोंडात टाकायचा, मीठ कमी आहे म्हणायचा आणि पुढे जायचा. साली ते बॉनेटवरच्या वर्तमानपत्रावर टाकत होते. गाडी निळी, साली लाल.

गेल्या सप्टेंबरातल्या त्या सकाळचं दुसरं काही सांगण्यासारखं नाही. दुसरं काही झालंच नाही. पण झोप लागायच्या आधी मला हीच सकाळ दिसते, म्हणून पत्र तिथून सुरू केलं. फोनवर आपण दोघी हवा कशी आहे ते सांगतो आणि गप्प होतो. कागदावर गप्प राहिलं तर निदान कागद वाया जातो, म्हणून माणूस काहीतरी लिहितं.

बातमी अशी की आपला लिपोवा रस्ता बदलणार आहे. परवा वाचनालयाच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं होतं. तुझ्या वर्गातल्या इस्क्राचा धाकटा भाऊ देयान, तो आता नगरपालिकेत वास्तुशिल्पी आहे. त्याने पडद्यावर चित्र दाखवलं. रस्त्यात एकही गाडी नाही. दोन्ही बाजूंना लिंडनची झाडं, खाली बाक, भिंतींचे पोपडे गेलेले, दुकानांवरचे पत्रे गेलेले. आणि माणसं चालताहेत. इतकी माणसं मी या रस्त्यात मे महिन्याच्या मिरवणुकीतही पाहिली नव्हती.

समोरच्या घरातली त्सोंका माझ्या शेजारी बसली होती. तिने विचारलं, "ही एवढी बारीक बाई कोण?"

"ती नुसती दाखवायला आहे, काकू," देयान म्हणाला. "माणसं चालताना कशी दिसतील ते कळावं म्हणून."

"मग आम्हाला दाखव की. आम्ही चालत नाही? लंगडत का होईना."

मेतोदी चांभार मागून म्हणाला, "आणि ती फुगा घेतलेली मुलगी कुणाची? या रस्त्यात शेवटचं मूल जन्मलं त्याला आता मिशा आल्यात."

बिचारा देयान लाल झाला. बाकांना पाठ आहे, उठताना धरायला हात आहेत, असं त्याने सांगितलं. त्सोंका म्हणाली, बाक म्हणजे पोरं, पोरं म्हणजे सूर्यफुलाच्या बिया, आणि बिया म्हणजे टरफलं. झाडणार कोण? गाड्यांचं काय, कुणीतरी विचारलं. गाड्या जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या करायच्या, चालत पाच मिनिटं. लोक कुरकुरले आणि मग हळूहळू तयार झाले. शेवटी सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

चित्रात एका झाडाखाली बाकावर एक माणूसही बसलेला होता. पडद्याला सुरकुत्या होत्या, नीट दिसला नाही.

पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडायला लागलाय. खिडकी उघडली की जिन्यावर बर्फ पडल्यासारखं वाटतं. तिकडे ल्युब्लियानातही असेल.

आई


१९ जून

राली,

तुझं उत्तर आलं नाही. मी ते मागत नाहीये.

लिंडन फुलले. संध्याकाळी रस्त्यात इतका वास साठतो की माणसं हळू बोलतात, देवळात बोलावं तशी. मी चादर अंथरून फुलं वाळत घातली आहेत, तुझ्या चहाची पुडी वेगळी बांधून ठेवीन. गाडीच्या टपावर फुलांचा थर बसलाय, लांबून पिवळी वाटते.

काम नदीच्या बाजूने सुरू झालं. सगळ्यात आधी त्यांनी रस्त्याच्या तोंडाशी एक फळा उभा केला. ओकच्या लाकडाची चौकट, वर छोटं छप्पर. जुन्या गावाचा नकाशा त्यावर लावायचा होता, पण तो छापून यायला उशीर झाला. रविवारी देयान नकाशाची गुंडाळी बगलेत मारून आला, तर फळा भरलेला. मेलेल्यांच्या आठवणीची चार पत्रकं, आपण दारांवर-भिंतींवर लावतो ती. चार चेहरे, खाली नावं आणि जाऊन किती झालं ते: चाळीस दिवस, सहा महिने, एक वर्ष, तीन वर्षं.

"हे काय?" तो म्हणाला.

"हे दोब्री मास्तर," मेतोदीने बोट ठेवलं. "तुला भूगोल शिकवायचे. नकाशा आणलायस ना, त्यांना दाखव आधी."

"अहो, पण हा फळा नकाशासाठी होता."

"आम्हाला काय ठाऊक. वर छप्पर, माणसाच्या उंचीला, रस्त्याच्या तोंडाशी. आम्हाला वाटलं, नव्या रस्त्यात मेलेल्यांचीही सोय केली. दोन माणसं तर तुला दुवा देऊन गेली."

"ही काढायला हवीत."

 मग त्सोंका म्हणाली, "काढ की. मास्तरांपासून सुरू कर."

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. तुला माहीत आहे, तो कितीही शिकला असला तरी तो आपल्याच गावचा. लावलेलं पत्रक हाताने कुणी काढत नाही. ऊन काढील, पाऊस काढील, वारा काढील. माणसाचा हात नाही. शेवटी त्याने नकाशा फळ्याच्या मागच्या बाजूला लावला. आता बाहेरून येणारे लोक आधी आमचे मेलेले वाचतात आणि मग वळसा घालून आपला रस्ता शोधतात. मला हे बरं वाटलं. नव्या चित्रात एक सोडून सगळी माणसं चालती होती. गावात तशी नसतात.

तुझ्या बाबांचं सहा महिन्यांचं पत्रक मी एप्रिलमध्ये लावलं होतं. एक आपल्या दारावर, एक पावाच्या दुकानाशेजारी, एक गाडीच्या मागच्या काचेला आतून. गाडीत का लावलं ते विचारू नकोस. तिथे ऊन छान येतं.

देयानकडून मी आराखड्याची प्रत मागून घेतली. तो म्हणाला, "काकू, हा वाचायला अवघड असतो." मी म्हटलं, कापडगिरणीत फिती विणता विणता पुस्तक टेकवून वाचायला शिकले, हेही शिकेन. जेवणाच्या टेबलावर काचेखाली ठेवलाय. तुटक रेषेचं वर्तुळ म्हणजे झाडाची सावली, दुपारची. सावली कागदावर काढतात हे मला माहीत नव्हतं. मधून एक पांढरा पट्टा जातो, तो गुळगुळीत सपाट दगडांचा; दोन्ही कडांना आपले जुनेच गोटे राहणार. पट्टा चालणाऱ्यांसाठी, तो म्हणाला, काठीसाठी, बाळाच्या गाडीसाठी, चाकांच्या बॅगेसाठी.

चाकांच्या बॅगेवरून आठवलं. बाबांना पोचवलं त्या दिवशी तू आलीस तेव्हा तुझी बॅग नदीपासून दारापर्यंत गोट्यांवरून खडखडत आली होती. मी वर होते, बाबांजवळ. तो आवाज ऐकला आणि मला कळलं तू आलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आवाज उलटा गेला. मधल्या वेळात तू एकच गोष्ट बोललीस, "आता तरी गाडी काढ, आई." मी काही बोलले नाही. तू माझं न बोलणं घेऊन गेलीस, असं मला वाटतं.

आराखड्यात आपल्या दारासमोर एक छोटा आयत आहे. मी देयानला विचारलं, ही गाडी का? तो म्हणाला, "नाही काकू, बाक." चित्रं कुणी काढली, विचारलं. म्हणाला, ल्युब्लियानातल्या एका कचेरीने. मी म्हटलं, लांब आहे.

आई


२ ऑगस्ट

राली,

काल स्वप्न पडलं की लिपोवा रस्त्यातून नदी वाहतेय. पाणी पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत, हिरवं, शांत. त्सोंका खिडकीत कोपर टेकून पाण्याशी बोलत होती. आणि निळी गाडी मधोमध तरंगत होती, बाबा आत, काच खाली. रेडिओवर दुपारी नदीची पातळी सांगतात ना, बंदराचं नाव आणि सेंटिमीटर, तसं ते सांगत होते. पण बंदरांऐवजी माणसांची नावं. मेतोदी, एवढे सेंटिमीटर, घट. त्सोंका, वाढ. तुझं नाव आलं आणि मी जागी झाले, म्हणून तुझी पातळी कळली नाही.

जागेपणी घडलं ते याहून फार वेगळं नाही. दगड बसवणारे आमच्या दारापर्यंत पोचले. बाकी सगळ्यांच्या गाड्या गिरणीच्या आवारात गेल्या, एक राहिली. देयान दोनदा वर आला, कॉफी प्यायला, लिंडनचा चहा प्यायला, झाडांबद्दल बोलला, आणि गाडीचं नाव न काढता परत गेला. मुलगा सभ्य आहे. शेवटी गाडी ओढून न्यायला ट्रक आला. त्यात दोन माणसं. मी खिडकीतून बघत होते. मग खाली गेले.

त्यातला थोराड माणूस साखळी घेऊन गाडीच्या मागे वाकला आणि तसाच थांबला. काचेतून बाबा त्याच्याकडे बघत होते. त्याने टोपी काढली.

"बाई, हे कोण?"

"माझा नवरा. स्पास."

"गाडी त्यांचीच?"

"त्यांचीच."

त्याने साखळी परत गुंडाळायला घेतली. देयान म्हणाला, "काय झालं?"

"साहेब, पत्रक लावलेली गाडी मी नेणार नाही. माझ्या आईचं पत्रक अजून आमच्या दारावर आहे. बायको दोन वर्षं म्हणतेय दार रंगवा. मी म्हणतो, आई उतरली की रंगवू."

"अहो, ही सरकारी—" देयानने वाक्य तिथेच सोडलं.

"मग तुम्ही काढा कागद. मी गाडी नेतो."

देयानने काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा पुसायला लागला. समोरच्या खिडकीतून त्सोंका म्हणाली, "अरे, हा स्पास जिवंतपणी कुणाला जागा देत नव्हता, मेल्यावर देईल होय? मी सांगते, हा पुनरुत्थानाच्या दिवशीही आधी गाडीभोवती फेरी मारून बघेल कुणी ओरखडा तर काढला नाही ना."

सगळे हसले. मीही. तिच्यासमोर मला हसू आलं की मला नंतर बरं वाटतं.

मला कुणीच विचारलं नाही, की काकू, तुम्हीच काढता का. विचारलं असतं तर काय म्हटलं असतं, मला ठाऊक नाही. त्यांनी गाडीच्या चारही बाजूंनी दगड बसवले. आता नदीपासून चर्चपर्यंत सगळा रस्ता गुळगुळीत, फिका, पहाटे ओला दिसतो, आणि त्यात आपल्या दारासमोर जुन्या डांबराचा तुकडा आणि त्यावर निळी गाडी. डॅन्यूबमध्ये बेट असतं तसं. संध्याकाळी आता खरंच माणसं चालायला येतात, गावाच्या त्या टोकाचीसुद्धा. बेटापाशी आली की दोन्ही बाजूंनी वाट काढून पुढे जातात. काहीजण टपावर हात ठेवून जातात.

दुपारी मी तिच्यात जाऊन बसते. हे तुला सांगायचं नव्हतं. डावीकडे ड्रायव्हरच्या जागी नाही, उजवीकडे, शेजारी.

तो दिवस तुलाही आठवत असेल. तुझा पदवीचा आराखडा तू याच टेबलावर पसरला होतास, कोपऱ्यांवर दह्याच्या वाट्या ठेवून. हाच रस्ता, गाड्यांशिवाय. बाबांनी चष्मा लावून खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "माझी कुठे आहे?"

"नाही बाबा. कुणाचीच नाही. तीच तर गंमत आहे."

"मग मी कुठे बसू?"

तू हसलीस, त्यांना वाटलं त्यांना हसलीस. त्यानंतर तू सुट्टीत आलीस की ते पहिलं तेच विचारायचे, काय गं, जागा काढली का माझी? आधी चेष्टेत. मग चेष्टा विटली. एकदा तू म्हणालीस, "तुम्ही बदलणार नाही," आणि ते म्हणाले, "आणि तू येणार नाहीस." दोघांनीही शब्द पाळला. असली माणसं माझ्याच वाट्याला आली.

तू त्यांच्या प्रश्नाला गाडीचा प्रश्न समजलीस, यात तुझं काही चुकलं नाही. तेही तसंच समजत होते. आयुष्यभर नदीवरच्या ओढबोटीच्या इंजिनापाशी खाली, अंधारात काम केलेला माणूस. वर आला तेव्हा त्याला एवढंच हवं होतं, की रस्त्यात बसावं, आणि येणाऱ्याने थांबून विचारावं, काय स्पास, पाणी किती आहे? बाक नव्हता. गाडी होती.

आई


८ सप्टेंबर

राली,

फोनवर तुझा निरोप आला: पत्रं मिळतात, आई, लिहीत राहा. तो वाचून मी मिरच्या घ्यायला बाजारात गेले. या वर्षी घ्यायच्या नाहीत असं ठरवलं होतं. एका माणसासाठी कोण भाजतं. त्सोंका म्हणाली, "दे मला अर्ध्या, आणि तुझं भांडंही आण, माझ्याची तार जळलीय." तेव्हा फुटपाथवर बसून दोघींनी भाजल्या. फुटपाथ आता रस्त्याच्याच पातळीत आहे, पायरी नाही, म्हणून स्टूल डुगडुगत नाही. वासाने बोलावल्यासारखी माणसं आली. एक मिरची तोंडात टाकली, मीठ कमी आहे म्हणाली.

सोलायला कुणी नव्हतं, आम्हीच सोलल्या. साली कुठे टाकायच्या हे मला पटकन सुचेना.

आता तुला एक सांगते. मे महिन्यात मी लिहिलं होतं की चित्रातला बाकावरचा माणूस मला नीट दिसला नाही. दिसला होता. सभागृहात बसल्या जागेवरून दिसला. टोपी मागे सरकवलेली, पाय घोट्यांपाशी एकमेकांवर टाकलेले, गुडघ्यांवर ताट. चित्रातले बाकी सगळे कुठेतरी जाताहेत. तो एकटाच बसलाय. त्सोंकाने तिथेच माझ्या कानात विचारलं, "हे चित्र काढणाऱ्याला कसं कळलं गं, आपल्याकडे मिरच्या रस्त्यात बसून सोलतात ते?" मी म्हटलं, ल्युब्लियानातही सोलत असतील. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली, सभा संपेपर्यंत. त्सोंकाला गप्प बसलेली तू पाहिली नाहीस, तेव्हा तुला याची किंमत कळणार नाही.

म्हणजे मला पहिल्यापासून माहीत होतं. बाक कुणासाठी आहे, कुणी काढलाय, आणि तो बसवायला कोण आडवं येतंय. तरी मी उन्हाळाभर त्या गाडीला धरून बसले. तू त्यांना जागा दिलीस, फार सुंदर दिलीस, सावलीत. पण कागदावरच्या जागेवर माणूस बसलेला दिसतो आणि खऱ्या जागेवर बसणारा आता नाही. गाडी गेली की ती जागा रिकामी होणार. रिकाम्या बाकाकडे रोज खिडकीतून बघायचं, हे माझ्याने होईल का, एवढाच प्रश्न होता. देयानला हे सांगता आलं नसतं. असा प्रश्न आराखड्यात कुठे दिसत नाही.

गाडीतल्या पत्रकाचं ऊन जे करतंय ते करू दे. फोटो फिका होत चाललाय. आधी गाल गेले, मग डोळे, आता टोपीची कड तेवढी काळी राहिली आहे. दारावरच्या पत्रकावर पाऊस येत नाही, ते तसंच आहे. मी रोज दोन्ही बघते. एकात ते आहेत, एकातून ते हळूहळू चाललेत. दोन्ही खरं वाटतं.

अकरा ऑक्टोबरला वर्ष होईल. गहू उकडीन, साखर आणि अक्रोड घालून सगळ्यांना वाटीन. तुला आवडायचा, पण मेलेल्याचा म्हणून भरपूर खायला लाज वाटायची.

आई


३० सप्टेंबर

राली,

परवा सकाळी मी गाडीपाशी गेले तर मागच्या काचेत काही नव्हतं. उन्हाने चिकटपट्टी वाळली होती, कागद मागच्या सीटवर पालथा पडला होता. मी दार उघडून तो उलटा केला. नाव वाचता येत होतं, तेही ठाऊक असेल तर. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा कागद. कुणाचा हात लागला नाही. ऊन घेऊन गेलं.

मी वर येऊन कॉफी केली, प्यायले, केस विंचरले आणि नगरपालिकेत गेले. चालत. नव्या दगडांवरून काठी वाजत नाही, थोडी अडखळल्यासारखी वाटते, सवय होईल. देयान मला बघून उभा राहिला. मी म्हटलं, "स्पास उतरला. ट्रक बोलाव."

तोच थोराड माणूस आला. साखळी लावायच्या आधी त्याने काचेत वाकून पाहिलं आणि मान हलवली. त्याच्या मेहुण्याकडे अशीच गाडी आहे, दारं उपयोगी पडतील, तो म्हणाला, चालेल का? मी म्हटलं, एका दाराची काच खालीच अडकते, त्याला आधी सांग. ब्रेक गंजलेले, चाकं हलेनात. मग मेतोदी दुकानातून आला, पाववाला आला, दोन पाहुणे प्रवासी कॅमेरे गळ्यात अडकवून आले, त्यांना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं पण त्यांनीही खांदा लावला. देयानने कोट काढून माझ्या हातात दिला. त्सोंका खिडकीतून हुकूम सोडत होती.

आधी मी आतल्या वस्तू काढून घेतल्या होत्या. फार काही नव्हतं. टोपी. रेडिओ. आणि सीटखाली सूर्यफुलाच्या बियांची अर्धी पिशवी, आणि तिच्याभोवती टरफलं, ओंजळभर, किती वर्षांची कोण जाणे.

त्सोंकाने वरूनच पाहिलं. "म्हणजे टरफलं टाकणारा हाच. आणि मी इतकी वर्षं पोरांना शिव्या घातल्या."

"पोरांना सांग आता," मेतोदी म्हणाला.

"पोरं मोठी झाली. मिशा आल्या त्यांना."

गाडी हलली तेव्हा खालून काही विशेष निघालं नाही. जुनं डांबर, तेलाचा एक मोठा काळा डाग, लिंडनची कुजलेली पानं. गाडी कोपऱ्यावर वळताना तिच्या टपावर उन्हाचा एक तुकडा होता, तोही वळला. मग रस्ता होता तिथे रस्ता होता. नदीपासून चर्चपर्यंत एकदम दिसला, प्रथमच. राली, तू कागदावर काढला होतास तसाच आहे. खोटं सांगत नाही. झाडं तेवढी लहान आहेत.

एक वर्षाचं पत्रक छापून आणलंय. या वेळी ते मी फळ्यावर लावलं, दोब्री मास्तरांच्या शेजारी, नकाशाच्या पाठीला पाठ लावून. फोटो टोपीतलाच दिला. पावाच्या दुकानाशेजारी लावलं नाही, भिंत नवी रंगवलीय आणि आता गरज नाही. येणारा प्रत्येकजण फळ्यावरूनच येतो. अकरा तारखेला जो येईल त्याला आधी बाबा भेटतील, मग घर.

चित्रातल्या त्या माणसाला तिथेच राहू दे. देयान म्हणाला, अंतिम चित्रात माणसं बदलता येतात, कचेरीला कळवू का. मी म्हटलं, बारीक बाई बदला. त्याला हात लावू नका.

ये असं मी लिहीत नाही. तू मोठी आहेस, तुझी कामं आहेत, आणि तू न येण्याचा शब्द ज्याला दिला होतास त्याने आता जागा सोडली आहे, एवढंच सांगते. बॅग आणलीस तर मधल्या पट्ट्यावरून आण. आवाज होणार नाही. मी खिडकीत लक्ष ठेवीन, कारण ऐकून कळणार नाही.

डांबराचा तुकडा पुढच्या आठवड्यात उकरतील, मग दगड, मग बाक. देयान म्हणाला, तोवर जरा विचित्र दिसेल, काकू, वरून बघू नका. गाडी गेली त्या रात्री मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना धुतला, कुंड्यांना पाणी घातलं, आणि स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या एकेक करून खाली नेल्या. तेलाच्या डागावर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि डावीकडच्या, त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसले.

आई